जुनी डिझेल पिकअप गरम झाली की परत चालू होत नाही, तर नक्की कुठून बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २००९ ची डिझेल पिकअप, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलेंडरमध्ये फवारणारं), मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. सकाळी पहिल्या चावीला चालू होते, कांदा भरून पिंपळगावला जाईपर्यंत एकदम व्यवस्थित ओढते, पण लिलावाच्या लाईनीत बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलात की मग सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरतो, इंजिन काही पकडत नाही. तासाभराने जणू काही झालंच नव्हतं अशी चालू होते. बॅटरी नवीन टाकली, फिल्टर बदलला, हिटर प्लग बदलले, फरक शून्य, आणि आता एक जण म्हणतोय पंप काढा आणि दुसरा म्हणतोय हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगचं काम, करावं लागेल.

पहिली गोष्ट, आत्ता काहीच काढू नका आणि काहीच नवीन आणू नका. तुमच्या गाडीचा दोष दिवसातून अर्धा-पाऊण तासच जिवंत असतो, आणि तेवढ्याच वेळात तो सापडतो. गॅरेजपर्यंत गाडी नेली की ती थंड झालेली असते, मेकॅनिक सेल्फ मारतो, गाडी चालू होते, मग तो अंदाजाने एखादा पार्ट बदलतो आणि तुम्ही पैसे देऊन घरी येता. त्यात त्याचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. गरम असताना, अडलेली असताना, जागेवरच तपासणी झाली पाहिजे, मग ती मार्केटच्या आवारात का असेना. मेकॅनिकला तिथे बोलवा, किंवा खाली सांगतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या तुम्ही करू शकता, एक साधा मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प, दोन-तीन मीटर वायर, पारदर्शक प्लॅस्टिक पाईपचा तुकडा आणि पाण्याची कॅन एवढं गाडीत ठेवा म्हणजे झालं.

आधी हे का होतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धं काम सोपं होतं. गाडी चालू असते तेव्हा पाणी फिरत असतं, फॅन हवा मारत असतो, आणि डिझेल पंपातून सतत डिझेल वाहून टाकीत परत जात असतं त्यामुळे पंप थंड राहतो. बंद केली की हे तिन्ही एकदम थांबतं, पण हेड आणि मॅनिफोल्डमधली उष्णता तशीच असते, ती जाणार कुठे, तर आजूबाजूच्या सगळ्या वस्तूंमध्ये. म्हणजे बंद केल्यावर पहिली दहा ते तीस मिनिटं पंप, सेल्फ, सोलेनॉइड (करंट मिळाला की ओढणारी चुंबकी कळ), वायरिंग हे सगळं गाडी पळत असताना होतं त्याहून जास्त तापतं. म्हणूनच बंद करून लगेच चावी मारली तर गाडी चालू होते आणि पंधरा मिनिटांनी होत नाही. हे तुम्ही एकदा मुद्दाम करून बघा. मार्केटला पोचलात की बंद करा, अर्ध्या मिनिटात परत चालू करा. झाली तर आपण म्हणतोय तेच, उष्णता मुरल्यावरचा दोष आहे. आणि लगेचही होत नसेल तर मग विषय थोडा वेगळा, त्यात कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा नीट दाबली न जाण्याचा, संशय जास्त.

हिटर प्लगचं एक सांगून टाकतो. डिझेल इंजिन गरम असताना त्याला हिटरची गरजच नसते, दाबलेली हवा आपोआपच पुरेशी तापते. ज्या गाडीला थंडीत सकाळी त्रास होतो आणि गरम झाल्यावर काही नाही तिथे हिटर बघायचा. तुमची बरोबर उलटी केस आहे, तिथे हिटर बदलणं म्हणजे पैसे वाया. ज्यांनी बदलले त्यांनी लक्षणं नीट ऐकलीच नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडी अडली की काय करायचं. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड, भरलेली गाडी आहे हे विसरू नका. एक माणूस चावीवर बसवा आणि तुम्ही मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ आणखी तापतो आणि जे शोधतोय तेच बिघडतं. दोनच गोष्टी बघायच्यात, इंजिन सकाळसारखंच जोरात फिरतंय का, आणि सायलेन्सरमधून पांढरा-करडा धूर येतोय का. सगळं निदान या दोन उत्तरांवर उभं आहे. धूर येतोय म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये.

फिरण्याचा वेग कानाने ओळखता येतो असं सगळ्यांना वाटतं, पण रोजची सवय झाली की हळूहळू मंदावलेला सेल्फ आपल्याला नॉर्मलच वाटायला लागतो. त्यापेक्षा मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा अडलेली असताना, आणि नंतर आवाज हळू स्पीडला लावून ऐका. चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा कॉम्प्रेशनवर येतं, त्यामुळे सेल्फ मारताना जो घुर्र घुर्र असा ठोका ऐकू येतो तो मोजता येतो. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन फिरत असेल तर पाच सेकंदांत तेहतीसच्या आसपास ठोके पडतात. तोच आकडा वीसवर आला असेल तर इंजिन मिनिटाला १२० फेरेच घेतंय, आणि पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे पंपाला मिळतायत फक्त ६०. तेवढ्यात जुना पंप नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) उघडण्याइतकं प्रेशर देईल अशी अपेक्षा ठेवू नका. सकाळची गाडी पटकन पकडते म्हणून हे लपून राहतं.

वेग कमी आला तर आधी इलेक्ट्रिकल बघायचं, आणि बॅटरी नवीन आहे म्हणजे इलेक्ट्रिकल ठीक आहे असं मुळीच धरू नका. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि परत इंजिनपासून बॅटरीपर्यंत जी वायर आणि जे जोड आहेत त्यातून सेल्फचा सगळा करंट जातो, तो शेकडो अँपिअर असतो. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, साठ अंशांनी तापलं तर जवळपास पाव हिश्श्याने वाढतो, मग आधीच हिरवट गंज चढलेला जोड आणि आतून तुटलेली केबल यांची अवस्था काय होत असेल बघा. मल्टीमीटर व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको. मग बॅटरीच्या मायनसचा खांब आणि इंजिनचा ब्लॉक, तिथे ०.३ च्या वर गेला तर अर्थिंग खराब. आणि बॅटरीच्या दोन खांबांमध्ये सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली उतरत असेल तर बॅटरीच कमी पडतेय किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. मीटर नसेल तर साधा उपाय, दोनदा सेल्फ मारून झाला की लगेच प्रत्येक जोडाला जपून हात लावा, जो जोड चटका देतो तिथे दोष आहे. चांगला जोड कधी तापत नाही.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त लिहितो कारण पिकअपमध्ये हे फार बघतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचं चासीशी कनेक्शन फक्त त्या एका वेणीच्या पट्टीतून किंवा केबलमधून असतं. गिअरबॉक्स उतरवला, क्लचचं काम झालं की ती पट्टी काढली जाते आणि परत लावताना रंगावरच आवळली जाते किंवा राहूनच जाते. एक पिकअप माझ्याकडे आली होती, सेल्फ दोनदा बांधून झाला होता, तक्रार तीच. गरम असताना मीटर लावला तर ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनसमध्ये दीड व्होल्ट. पट्टी जागेवर दिसत होती, बोल्टही घट्ट होता, पण खाली चासीच्या रंगाचा थर तसाच, फक्त बोल्टच्या आट्यांमधून करंट जात होता. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, नवीन वॉशर टाकला, आणि त्याच गरम अवस्थेत गाडी चालू झाली. म्हणून म्हणतो, पाना हातात घ्यायच्या आधी मीटर हातात घ्या.

केबल आणि अर्थिंग चोख असून गरम असतानाच मंद फिरत असेल तर मग सेल्फ उतरवा. आतले बुश झिजले की आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मध्यावर राहत नाही आणि तापल्यावर बाजूच्या फील्डला, म्हणजे स्थिर चुंबकी भागाला, घासायला लागतं, उघडल्यावर आर्मेचरच्या पत्र्यावर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात, त्या दिसल्या की वाद संपला. कार्बन आणि बुश सोबतच बदला, नुसते कार्बन टाकून परत बसवू नका. आणि सायलेन्सर सेल्फच्या जवळून जात असेल तर मध्ये जो पत्रा कंपनीने दिलेला असतो तो आहे का बघा, पुष्कळ गाड्यांचा तो कधीच गायब झालेला असतो. तो परत बसवल्याने बराच फरक पडतो. सेल्फ फिरतच नाही, नुसतं टक होतं, ही तक्रार वेगळी. तिथे चावीकडून सेल्फच्या बारीक टर्मिनलला येणारा करंट मोजायचा, जुन्या चावीचे पॉइंट जळालेले असतात, गरम सोलेनॉइडला ओढायला तेवढे व्होल्ट पुरत नाहीत. मध्ये एक चांगला रिले टाकला की प्रश्न मिटतो. तुमचा सेल्फ फिरतोय म्हणता, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

आता समजा वेग चांगला आहे आणि धूर अजिबात नाही. माझा अंदाज तुमची गाडी इथेच बसेल. डिझेल न पोचण्याची तीन मुख्य कारणं, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, एअर म्हणजे डिझेलच्या लाईनीत शिरलेली हवा, आणि पंपाचा हेड-रोटर म्हणजे डिझेल दाबणारा आतला भाग. याच क्रमाने बघायचं, आणि क्रम का महत्त्वाचा ते पुढे कळेल.

आधी पंप कुठला ते ओळखा. नोझलकडे जाणाऱ्या चारही नळ्या एकाच गोल तोंडाभोवती वर्तुळात बसवलेल्या असतील तर तो रोटरी पंप, आणि एका रांगेत सरळ वर निघत असतील तर लाईन पंप. रोटरीला त्या नळ्यांच्या जवळच, पंपाच्या डोक्यावर एक छोटा सोलेनॉइड असतो, त्याला एकच वायर येते. चावी ऑन केली की आतला प्लंजर उचलतो आणि डिझेलची वाट उघडते, चावी बंद केली की स्प्रिंगने वाट बंद, म्हणून इंजिन बंद होतं. लाईन पंपाला बहुधा ओढायची केबल किंवा स्टॉप मोटर असते, तिथे फक्त एवढंच बघा की लिव्हर पूर्ण परत येतोय का, गरम झाल्यावर केबल अर्ध्यात अडकलेली पण बघितली आहे.

सोलेनॉइडची गंमत अशी की आतलं गुंडाळलेलं बारीक तांब्याचं वाइंडिंग जुनं झालं की थंड असताना जोडलेलं राहतं आणि तापलं की आतून तुटतं, परत थंड झालं की जुळतं. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं. गाडी अडली की चावी ऑन करून सोलेनॉइडवरची वायर काढून परत टेकवा, टक असा आवाज आला पाहिजे आणि बोटाला जाणवलं पाहिजे. आवाज नाही आला तर वायरच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा, लॅम्प लागतोय पण टक नाही म्हणजे सोलेनॉइड मेला. लॅम्पच लागत नाही म्हणजे मागे चावी, फ्यूज किंवा वायरिंग. आणि एक बारीक गोष्ट बहुतेक जण चुकतात, हा करंट चावी ऑनवर असताना तर मोजायचाच पण सेल्फ मारत असतानाही मोजायचा, कारण काही जुन्या चाव्या सेल्फच्या पोझिशनला गेल्या की ही लाईन सोडून देतात. सगळ्यात पक्की टेस्ट म्हणजे बॅटरीच्या प्लसवरून सरळ एक वायर, फ्यूज लावून, सोलेनॉइडला द्या आणि सेल्फ मारा. चालू झाली तर दोष पंपात नाही, वायरिंगमध्ये आहे, हजारोंचा पंप वाचला. वायर काढल्याशिवाय इंजिन बंद होणार नाही एवढं ध्यानात ठेवा.

काही जण सोलेनॉइडमधला प्लंजर काढून टाकतात, म्हणजे वाट कायमची उघडी आणि गाडी पकडते. कृपा करून हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका. मग चावीने इंजिन बंदच होत नाही, गिअरमध्ये टाकून दाबून मारावं लागतं, आणि एखाद्या दिवशी पंपाचा गव्हर्नर अडकला किंवा अपघात झाला तर इंजिन थांबवायला तुमच्याकडे काहीच नसतं. टपरीवरून निघताना घाईत हा जुगाड केला जातो आणि मग वर्षानुवर्षे तसाच राहतो. सोलेनॉइड पंपाच्या मानाने अगदी स्वस्त पार्ट आहे, नवीनच टाका.

सोलेनॉइड ठीक निघाला तर एअर. डिझेलची गळती बाहेर दिसली की लगेच कळते, पण टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते, तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे सगळं कोरडं ठाक दिसतं आणि तरी एअर धरलेली असते. गरम झाल्यावर जुना रबरी पाईप मऊ पडतो, क्लिपमधून सैल होतो, बंद गाडीत डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. गाडी अडली की डिझेल लाईनीवरचा हाताने दाबायचा छोटा हातपंप मारून बघा. दोन-तीन दाबांत कडक झाला तर डिझेल भरलेलं आहे. बराच वेळ पोकळ लागला आणि मग कडक होऊन गाडी चालू झाली तर उत्तर मिळालं, तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर, रबरी पाईप आणि हातपंपाचा वॉल्व्ह बदला, पंपाला हात लावू नका. पक्कं करायचं असेल तर पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाईपचा तुकडा बसवून दिवसभर चालवा, गाडी बंद केल्यावर त्यात बुडबुडे मागे सरकताना डोळ्यांनी दिसतात. टाकीचं झाकण उघडून बघायलाही विसरू नका, उघडताना सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत ओढ बसतेय, आणि हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

एका बोल्टबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण याने लोक वेडे झालेत. रोटरी पंपाला आत येणाऱ्या आणि टाकीकडे परत जाणाऱ्या पाईपचे बँजो बोल्ट (मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) बाहेरून सारखेच दिसतात, पण परत जाणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत आऊट असं कोरलेलं असतं आणि आत अगदी बारीक भोक असतं. त्या बारीक भोकामुळेच पंपाच्या पोटात प्रेशर टिकतं. फिल्टर बदलताना किंवा पंप बसवताना हे दोन बोल्ट उलटसुलट झाले की पंपाला डिझेल अपुरं मिळतं आणि आतलं प्रेशर बिघडतं, मग चालू व्हायला त्रास, गाडीला ओढ नाही, असं सगळं सुरू होतं. तुमचा फिल्टर बदललाय म्हणता, तर दोष आधीपासूनचा असला तरी जाता जाता हे डोक्यावरचं अक्षर वाचून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता राहिला पंपाचा हेड-रोटर. रोटरी पंपात एकच प्लंजर चारही सिलेंडरला डिझेल दाबतो, आणि त्याच्या आणि हेडच्या मधली फट मायक्रॉनमध्ये असते, तिथे कुठलीही सील किंवा रिंग नाही, नुसत्या घट्ट बसणीवर प्रेशर टिकतं. डिझेलमधलं पाणी, गंज, भेसळीचं रॉकेल यांनी ही बसणी झिजते. थंड डिझेल थोडं जाड असतं, ते झिजलेल्या फटीतूनही फार गळत नाही. आपल्याकडच्या डिझेलचा जाडपणा ४० अंशाला २ ते ४.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) असतो, ८० अंशाला तो जवळजवळ निम्म्यावर येतो. पातळ डिझेल, झिजलेली फट आणि सेल्फवरचा कमी वेग हे तिन्ही एकत्र आले की पंप जेवढं दाबतो तेवढं आतल्या आत मागे गळून जातं, नोझल उघडण्याइतकं प्रेशर तयारच होत नाही. एकदा इंजिन चालू झालं की वेग इतका असतो की गळायला वेळच मिळत नाही, म्हणून गाडी घाटातसुद्धा तक्रार करत नाही. यामुळेच धक्का मारला की अशी गाडी पटकन पकडते, आणि यामुळेच पुष्कळ ड्रायव्हर कुठेही गेले तरी उतार बघून गाडी लावतात. तुमची धक्क्याला लगेच चालू होत असेल तर सोलेनॉइडचा संशय जवळपास गेला, मग सेल्फचा वेग, सेल्फ मारताना लाईन सोडणारी चावी किंवा पंप, एवढंच उरतं.

याची टेस्ट पाण्याची आहे आणि ती जगभर डिझेलवाले वर्षानुवर्षे करतायत. गोणपाट किंवा जाड सुती फडकं पाण्यात भिजवून पंपाच्या त्या नळ्यांच्या बाजूच्या डोक्यावर गुंडाळा आणि त्यावर सावकाश, थोडं थोडं पाणी सोडत राहा, पाच-दहा मिनिटं. तापलेल्या पंपावर सरळ थंड पाणी ओतायचं नाही, कारण बाहेरचं हेड आधी आकसतं आणि आतला रोटर गरमच असतो, फट मायक्रॉनची आहे, रोटर जॅम होऊ शकतो आणि मग पंप खरोखरच गेला. अल्टरनेटर आणि सेल्फवर पाणी जाऊ देऊ नका. पंप हाताला कोमट लागला की सेल्फ मारा. गाडी लगेच पकडली, आणि नाहीतर तासभर थांबावं लागलं असतं, तर हेड-रोटर झिजलाय यात शंका राहत नाही. आता क्रम का सांगितला बघा, त्या पाण्याने पंपावरचा सोलेनॉइडसुद्धा थंड होतो. सोलेनॉइड आधी सरळ वायर देऊन तपासला नसेल तर हीच टेस्ट तुम्हाला चुकीचं उत्तर देईल, दोष एका छोट्या पार्टचा आणि तुम्ही पंप बांधून घ्याल.

पंप काढावाच लागला तर कॅलिब्रेशनवाल्याला, म्हणजे पंप मशीनवर तपासून लावणाऱ्याला, नुसतं पंप बघ असं सांगू नका. टेस्ट बेंचवरचं तेल साधारण ४० अंशाला ठेवलेलं असतं आणि पंप मोठ्या वेगावर फिरवला जातो, तिथे झिजलेला पंपही पास होऊ शकतो. त्याला सांगा की गरम असताना सेल्फवर पकडत नाही, मिनिटाला १०० फेऱ्यांवर स्टार्टिंग डिलिव्हरी, म्हणजे चालू करताना मिळणारं डिझेल, किती येते ते मला दाखव. चांगला माणूस असेल तर आनंदाने दाखवेल. जुना हेड-रोटर परत मागा, त्यावर बोट फिरवा, उजेडात धरा, ओरखडे आणि धुरकट पट्टे दिसतात. आणि पंप बसवायच्या आधी टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवीन टाका, नाहीतर ज्या पाण्याने जुना रोटर खाल्ला तेच नव्यालाही खाईल. डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवून देतो, चालू होईल, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. काही दिवस चालू होतेही, पण काळा धूर, ॲव्हरेज खाली, पिस्टन तापतात, आणि रोटर झिजतच राहतो.

पांढरा धूर भरपूर येतोय, वेगही चांगला आहे आणि तरी पकडत नाही, असं असेल तर मग कॉम्प्रेशन किंवा टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ. इथेही हाफ इंजिनच्या आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्हजवळ ठेवायची फट, बघा. टॅपेट घट्ट बसवलेले असतील तर गरम झाल्यावर वॉल्व्ह लांबतो आणि पूर्ण बंदच होत नाही, थंड झाला की परत बसतो, सगळं तुमच्या तक्रारीसारखंच. कंपनीने दिलेल्या मापाला फिलर गेजने लावून घ्या, तासाभराचं काम. रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी कमी होणं, ऑइल पांढरट होणं यातलं काही असेल तर हेड पॅकिंग किंवा हेडला तडा, पण गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून बघायला जाऊ नका. यातलं काहीच नसताना गाडी घाटात नीट ओढतेय, ऑइल खात नाही, तर हाफ इंजिन करायचं मला काहीच कारण दिसत नाही.

ज्यांच्याकडे बीएस-४ नंतरच्या कॉमन रेल गाड्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल, कंट्रोल कॉम्प्युटरचा) आहेत त्यांच्यासाठी थोडंसं. लक्षण तेच असलं तरी तिथे सुरुवात स्कॅनरने करायची. अडलेली असताना सेल्फ मारत आरपीएम वाचा, इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), तो तापला की आतून तुटणं हा नेहमीचा दोष आहे. आरपीएम दिसतोय पण रेलचं प्रेशर २०० बारच्या पुढेच जात नाही तर इंजेक्टरच्या रिटर्नची टेस्ट करा, एखादा इंजेक्टर सगळं परत पाठवत असतो. आणि जुन्या गाडीवर नोझलचा नट सैल करून डिझेल येतंय का बघायची जी सवय आहे ती कॉमन रेलवर चुकूनही वापरू नका. १००० बारच्या पुढचं प्रेशर असतं, बारीक फवारा कातडीतून सरळ आत जातो, वरून सुईएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. मेकॅनिकल पंपावरही नट सैल केला तर फवाऱ्यासमोर हात नाही, पुठ्ठा धरायचा. डिझेल कातडीत शिरलं असं नुसतं वाटलं तरी दुखायची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि काय झालं ते स्पष्ट सांगायचं.

इथर किंवा पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरला लावून चालू करणं हे पण टाळा. गरम इंजिनमध्ये ते वेळेआधी पेटतं, पिस्टनची रिंग तुटू शकते, आणि हिटर असलेल्या गाडीत तर सरळ स्फोट होऊ शकतो.

तोवर धंदा तर थांबवता येत नाही, सीझन चालू आहे, म्हणून तात्पुरतं एवढं करा. टाकी रिकामी ठेवून फिरू नका, परत येणारं गरम डिझेल थोड्याशा डिझेलात मिसळलं की सगळी टाकीच तापते, अर्धी तरी भरलेली ठेवा. लाईनीत बंद केली की लगेच बॉनेट उघडा, मुरणारी उष्णता वर निघून जाते. आणि उद्या गाडी अडली की चार गोष्टी कळवा, पाच सेकंदांत किती ठोके पडले, धूर होता की नव्हता, सोलेनॉइडला सरळ वायर दिल्यावर काय झालं आणि धक्क्याला पकडली का. रोटरी आहे की लाईन पंप त्याचा फोटोही टाका, म्हणजे पंप उतरवायचा की नाही ते नक्की सांगता येईल.